साखर-मिठाचा मेंदू

कोस्किला, १९ जानेवारी

हेल्का,

लिफाफा पाहून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. घरात फोन नाही, एवढंच. बाबाचे सगळे आणि माझा एक, असे होते नव्हते ते फोन मी बिस्किटांच्या डब्यात भरले आणि साउनाच्या न्हाणीघरामागच्या लाकडांच्या खोपीत नेऊन ठेवले. वर बर्चची लाकडं रचली. ओइवा रोज दुपारी कॉफीला टपकतो. फोनच्या कारखान्याच्या चाचणीच्या गाडीत बाबाशेजारी बसून जन्म गेला त्याचा, आता आमच्या स्वयंपाकघरात बसतो. डबा नेताना त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "राइली, उबवायला ठेवतेस का? पिल्लं निघणार नाहीत हो त्यातून." हसू दे त्याला. त्याच्या नवऱ्याच्या डोक्यात गाठ नाही. त्याला नवराच नाही म्हणा, पण तुला कळलं मला काय म्हणायचंय ते.

बाबा बरा आहे. ऑपरेशनसाठी कापलेले केस परत आलेत, डाव्या कानाच्या वर तेवढी एक रेघ राहिली आहे, तिथे उगवायला तयार नाहीत. भूक आहे. गुरुवारी वाटाण्याचं सार केलं होतं, वर पॅनकेक, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मिळायचं तसं. दोनदा घेतलं त्यानं. गाठ पूर्ण निघालेली नाही, हे तुला डॉक्टरांनी माझ्याआधी सांगितलं. तुमची भाषा एक आहे ना.

आता मुद्द्यावर येते. नाताळात जे झालं ते मी विसरलेले नाही आणि माघारही घेत नाही. मी तुझ्याकडे काय मागितलं होतं? एक कागद. विमा मंडळाकडे अर्ज केला आहे, की ताइस्तोच्या डोक्यातली गाठ त्याच्या कामामुळे झाली. आयुष्यभर तो माणूस गाडीत बसून डाव्या कानाला फोन लावत होता, कारण उजव्या हातात पेन्सिल असायची. गाठ कुठे आहे? डाव्या बाजूला. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण मंडळाला आरसा लागतो. आणि माझी लेक तर तेच काम करते! उंदराच्या मेंदूच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर फोनच्या लहरी सोडायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. पहिल्या वेळी जास्त मेल्या होत्या. हे मी कुठे वाचलेलं नाही, तूच ह्या टेबलाशी बसून सांगितलं होतंस, तेव्हा बाबा ठणठणीत होता आणि तुझे डोळे नुसते चमकत होते.

आणि मी म्हटलं, तेवढंच लिहून दे, तर तू काय म्हणालीस? "आई, यावरून असं म्हणता येत नाही." एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं. तेव्हा मी म्हटलं, कागद घेऊन येणार असशील तर ये, नाहीतर या घरी येऊ नकोस. तू मी भाजलेल्या मनुकांच्या चांदण्या न खाता निघून गेलीस. त्या नंतर मीच खाल्ल्या, सगळ्या.

मला यातलं कळत नाही असं मनात आणू नकोस. मी कारखान्यात मेंदू ढवळायचे. तू लहान असताना वर्गात सांगितलं होतंस, "माझी आई मेंदू शिजवते", आणि बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. प्लास्टिकचं उताणं डोकं, आतून पोकळ. त्यात माझं मिश्रण ओतायचं. पाणी, मीठ, घट्टपणाला थोडी पूड, आणि साखर इतकी की पाण्याहून जास्त. गालाला फोन बांधायचा आणि वरून यंत्राचा हात सुई बुडवून बुडवून बघायचा, लहरी आत किती मुरतात. आकडा मर्यादेत आला की फोन पास. अख्ख्या जगात गेले ते फोन. त्या डोक्याला कधी काही झालं नाही. बाबाच्या झालं.

तू का येत नाहीस असं त्यानं विचारलं. कामाचा रगाडा आहे म्हणून सांगितलंय. तेव्हा तसंच धरून चाल.

आई


कोस्किला, ११ फेब्रुवारी

हेल्का,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी, त्यातली एक तुझ्या कुओपिओच्या थंडीवर. थंडी इथेही आहे.

तुझ्या मते मी बाबाला विचारल्याशिवाय अर्ज करायला नको होता. बरं. तर आता त्याला कळलंय, समाधान मान. ओइवाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीतच आहे. दुकानात त्याला मिल्ड्री भेटली, तीच ती जुळवणीच्या पट्ट्यावर असायची ती, आणि म्हणाली, "राइली कारखान्याच्या नावानं बोंब मारत फिरतेय म्हणे." आणि हा शहाणा येऊन बाबासमोरच मला म्हणतो, "अगं, गाव तुझ्यावर चिडलंय."

गावाचं काय सांगू. कारखान्याला कुलूप लागून किती दिवस झाले, निम्म्या लोकांच्या घरावर विकायची पाटी आहे, पण खाल्ल्या मिठाला इतकं जागणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. पूर्वी माझ्याशी थांबून बोलणाऱ्या बायका आता दुकानातल्या दुधाच्या कपाटात डोकं घालून उभ्या राहतात. घालू दे.

बाबानं कप खाली ठेवला. म्हणाला, "तू माझ्या डोक्यावर दावा लावलास?"

"डोक्यावर नाही. डोक्यासाठी."

"मला विचारलंस?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो." मग त्यानं स्वतःसाठी कॉफी ओतली. म्हणाला, "त्या जागतिक यादीत, ज्यानं कॅन्सर होऊ शकेल असं त्यांना वाटतं, त्यात फोन आहेत तशी कॉफीपण कैक वर्षं होती. हेल्कानंच सांगितलं होतं. तेव्हा आधी कॉफीवाल्यांना धर, राइली. मी बोललोय कमी आणि प्यायलोय जास्त."

ओइवाच्या नाकातून कॉफी आली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग आत जाऊन भांडी आपटली.

संध्याकाळी तो गंभीरपणे बोलला. म्हणाला, "ते फोन चांगले होते. समुद्रात अडकलेले कोळी त्या फोनवरून घरी बोलले, बायका बाळंत झाल्याचं नवऱ्यांना त्या फोनवर कळलं. मी एकेका टेकडीवर गाडी थांबवून बघितलंय की आवाज पोचतोय का. तू आता मला सांगणार की मी आयुष्यभर स्वतःच्या डोक्यात विष ओतत होतो? असेल तर असेल. पण मोजून सांग. मोजलं नसेल तर बोलू नये."

हे त्याचं जुनंच. तुला त्यानंच बिघडवलं.

तुला वाटत असेल मला नुकसानभरपाई हवी आहे. मला दमडी नको. मला एक नाव हवं आहे, ज्याच्यावर मी रागावू शकेन. देवावर रागवायला मी चर्चमध्ये कधी फिरकले नाही, आता त्याच्या दारात जाऊन भांडायला तोंड नाही. बाबावर रागावता येत नाही. गाठ दिसत नाही. राहिलं कोण? तू राहिलीस. म्हणून तुझ्यावर.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते, पण नवा कागद घ्यायचा कंटाळा आला.

आई


कोस्किला, ९ मार्च

हेल्का,

या वेळचं पत्र लांबलचक होतं, उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. तू समजावून सांगितलंस, लहान मुलाला सांगावं तसं नाही, नीट सांगितलंस, म्हणून मीही नीट वाचलं.

तर दोन पेट्या होत्या, दिसायला सारख्या. एकीत लहरी चालू, दुसरीत बंद, आणि कुठली कुठली ते मोजणाऱ्यालाच माहीत नाही. पहिल्या वेळी एका पेटीतल्या पेशी जास्त मेल्या, आणि ती नेमकी लहरींची निघाली. तुम्ही केक आणला. मग पुन्हा केलं, तर फरक नाही. पुन्हा, तर नाही. मग कोणाला तरी सुचलं की पहिल्या वेळी ती पेटी वरच्या फळीवर होती आणि वरची फळी जराशी जास्त गरम असते. पेट्यांची अदलाबदल केली, तर लहरी बंद असलेल्या पेटीत जास्त मेल्या. म्हणजे फळीनं मारल्या.

मी समजले. माझं मिश्रणही खोली गरम झाली की वेगळं वागायचं. पण हेल्का, उंदराच्या पेशी त्या. काही दिवस बशीत राहतात आणि मरतात. तुझा बाबा उंदीर नव्हता. तू स्वतःच लिहिलं आहेस की यावरून "फोननं काही होत नाही" असंही म्हणता येत नाही. मग हे म्हणता येत नाही आणि तेही म्हणता येत नाही, तर तुम्ही दिवसभर तिथे करता काय?

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते, कारण ते तुला कळणारच. तुझं पत्र बाबानं वाचलं. मी लाकडं आणायला गेले होते, ते टेबलावर राहिलं. त्याला आता वाचायला वेळ लागतो. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सगळी सकाळ लावली त्यानं. शब्द निसटायला लागलेत हे मी तुला लिहिलं नव्हतं. चमच्याला "ते ढवळायचं" म्हणतो, खिडकीला "बाहेर". परवा मला "मॅडम" म्हणाला आणि स्वतःच इतका लाजला की मी गंमत केली, म्हटलं, चला, तीसेक वर्षांनी का होईना, मान मिळाला.

पण पत्र वाचून झाल्यावर त्याला सगळे शब्द सापडले. म्हणाला, "तू तिला येऊ नकोस म्हणालीस?"

मी लाकडं चुलीपाशी रचत राहिले.

"राइली. रगाडा-बिगाडा काही नाही तर तिला."

"तिला एक कागद जड झाला," मी म्हटलं. "स्वतःच्या बापासाठी."

"तिनं बरोबर केलं." मग पत्रावर बोट ठेवून, "जे मोजलं तेवढंच... तेवढंच द्यायचं."

"आणि मी चुकले, असंच ना?"

"तू घाबरलीस," तो म्हणाला.

मी बाहेर गेले आणि फाटकापर्यंतचा बर्फ काढला. तो आधीच काढलेला होता. मग शेजाऱ्यांचाही काढला, ते स्पेनला गेलेत. परत आले तेव्हा तो तसाच बसून होता. म्हणाला, तिला ये म्हणून लिही. मी म्हटलं, लिहिते.

त्यानं तुला आशीर्वाद सांगितला आहे.

मंडळाचं उत्तर आलंय. पुरावा अपुरा. आणखी काही असेल तर एप्रिल संपायच्या आत पाठवा. म्हणून शेवटचं मागते, पुन्हा मागणार नाही. पहिल्या वेळी काय झालं तेवढंच लिही, तारीख घालून, सही करून. ते झालंच होतं ना? पुढचं लिहू नकोस. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. अर्धं सांग म्हणते. अर्ध्यावर जग चालतं, हेल्का, तू संसार केला नाहीस म्हणून तुला माहीत नाही.

हे लागलं असेल तर लागू दे. मला रोज लागतंय.

आई


कोस्किला, २४ एप्रिल

हेल्का,

कागद राहू दे. तू ये.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते, पण मग तुला वाटेल काहीतरी डाव आहे. डाव नाही. मंडळाची मुदत संपायला थोडे दिवस आहेत, आणि मी काही पाठवणार नाही. अर्जाची प्रत चुलीत टाकली, तिनं दोन लाकडंही पेटली नाहीत.

बाबा आता दिवसाचा बराच वेळ झोपतो. पलंग खाली बैठकीत आणला आहे, खिडकीपाशी. ओइवानं आणि मी मिळून आणला. ओइवा दर पायरीला शिव्या घालत होता आणि बाबा खुर्चीत बसून, एक बोट वर करून, डावीकडे, उजवीकडे असं दाखवत होता. शब्दांवाचून. तरी पलंग दारात अडकला तेव्हा त्याचंच बरोबर निघालं. नदीचा बर्फ फुटला. क्रौंच आलेत, पलीकडच्या शेतात ओरडत असतात. ते ओरडायला लागले की तो डोळे उघडतो. मेर्वी म्हणून नर्स रोज घरी येते, चांगली आहे, जरा जास्त बोलते.

वाचा शिकवणारी एक बाईही येऊन गेली. ती म्हणाली, ओळखीच्या वस्तू दाखवा, नावं विचारा, घाई करू नका. तेव्हा मला काय सुचलं सांगू? मी मेंदू केला. खरंच. आपल्या मोठ्या पातेल्यात, जामसाठी वापरतो त्यात. प्रमाण हाताला पाठ आहे अजून. घरातली सगळी साखर गेली, मग ओइवाला पिटाळलं आणखी आणायला. तो म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?" ढवळता ढवळता तो जुना वास आला. साखरेला वास नसतो म्हणतात, पण गरम पाण्यात इतकी घातली की येतो. मला तो आमचा पांढरा हॉल आठवला आणि दाराच्या काचेतून बाबा आत डोकावायचा ते. मला सारखं काहीतरी विचारायला यायचा. तेव्हा मला वाटायचं कामाचं विचारतोय. सहा महिन्यांनी कळलं की त्याच्या विभागाचा माझ्या विभागाशी काही संबंधच नव्हता.

पातेलं त्याच्यापुढे नेलं. त्यानं बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड असं केलं की मला हसू आवरेना, कारण आधी गोड लागतं आणि मागून मीठ येतं. म्हटलं, "ताइस्तो, हे काय आहे?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हेल्का."

दिवसभर तुझंच नाव घेतो, पोरी. सकाळी डोळे उघडले की तेच, जेवताना तेच. बाकीचे शब्द गेले, तुझं नाव तेवढं राहिलं. आता ह्याच्यापुढे माझा राग किती टिकणार?

फोन खोपीतच आहेत, ते मला सोडवत नाही, तू त्याला वेडेपणा म्हण. स्टेशनवर कधी पोचशील ते कळव म्हणजे ओइवाला पाठवते. पण कळवण्यात दिवस घालवू नकोस. सरळ ये. मी कागदाचं नाव काढणार नाही, तूही काढू नकोस. नुसती ये आणि त्याच्यापाशी बस.

आई


कोस्किला, १४ जून

हेल्का,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर का झाला ते सांगते.

आधी घरचं. बाबाच्या थडग्यावर मिल्ड्रीनं पॅन्झीच्या फुलांची रोपं लावली, न विचारता. मी गेले तेव्हा ती गुडघ्यावर बसली होती. मला म्हणाली, "माझ्याकडे जास्तीची होती." तिच्याकडे बाग नाही. आम्ही दोघी मिळून पाणी घातलं. ओइवा अजून दुपारी येतो आणि बाबाच्या खुर्चीत बसत नाही, भिंतीशी उभा राहून कॉफी पितो. काल मी ओरडले त्याच्यावर, बस म्हटलं. बसला.

आता तुझा प्रश्न.

मेर्वीला दोष देऊ नकोस. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला ती तुझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुमचे बाबा किती गोड होते, मलासुद्धा हेल्काच म्हणायचे." तिला वाटलं तुला माहीत असेल. तुझा चेहरा मी टेबलाच्या पलीकडून पाहिला. तू सँडविच केकचा तुकडा सुरीनं कापत राहिलीस, बारीक बारीक. तेव्हा विचारलं नाहीस, कुओपिओला परत जाऊन विचारलंस. पत्रातच विचारलंस, आपल्या घराची आता तीच पद्धत झाली आहे.

हो, खरं आहे. एप्रिलमध्ये त्याचे बाकी सगळे शब्द गेले आणि तेवढा एक उरला. मग तो सगळ्यालाच लागू झाला. चमच्याला हेल्का म्हणायचा. लोकरी मोज्यांना, खिडकीला, क्रौंचांना. वेलचीच्या पावाला. ओइवाला तर रोजच म्हणायचा, आणि ओइवा गंभीरपणे "हो, आलो" म्हणायचा. मलाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि शेवटी मी हेल्का झाले, आणि ओ द्यायला लागले. वाचा शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं, असं होतं कधीकधी, एखादा शब्द अडकून राहतो. तोच का, हे कोणाला सांगता येत नाही. बापाचं प्रेम म्हणून असेल, किंवा गाठ नेमकी तिथे पोचली नव्हती म्हणून असेल.

मी तुला लिहिलं, दिवसभर तुझंच नाव घेतो. ते खोटं नव्हतं. तू यावीस म्हणून तेवढंच लिहिलं.

आणि तू आलीस. रेनकोट न काढता सरळ आत गेलीस, दुपारची वेळ होती. त्यानं मान वळवली, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हेल्का." स्वच्छ, एकदाच. तू त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडलीस आणि मी स्वयंपाकघरात पळाले, नळ सोडून उभी राहिले. त्या संध्याकाळी त्याला झटका आला, मग इस्पितळ, आणि त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही. त्याच्या तोंडून तू ऐकलेलं तेवढं एकच. इस्पितळात तू मला म्हणालीस, "आई, निदान त्यानं मला ओळखलं." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. झालं नाही माझ्याच्यानं.

आता तू विचारतेस, "खरं सांग, त्यानं मला ओळखलं होतं का?"

मी उत्तर लिहिलं होतं. "हो, नक्की, मी त्याचे डोळे पाहिले" असं लिहिलं होतं. पाकीट बंद करून, तिकीट लावून, टपालपेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं, जास्त चांगलं, वाचून मलाच रडू आलं. तेही पाठवलं नाही. म्हणून उशीर झाला.

मग नुसतं आठवत बसले. तू आलीस तेव्हा त्यानं पाय ओढून घेतले आणि पलंगावर जागा केली. तू लहान असताना रविवारी सकाळी करायचा तशीच. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हेच, ओळखलं. पण आदल्या दिवशी ओइवा पलंगावर बसला तेव्हाही त्यानं पाय ओढले होते. तो तुझ्याकडे पाहून हसला, ते तर तूही पाहिलंस. त्याच सकाळी तो पावाकडे पाहून हसला होता. तुझा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही. मेर्वी म्हणते, हातात दिलेलं तो सोडायचाच नाही, बोटं उलगडावी लागायची. एक गोष्ट मात्र दुसऱ्या कोणाबरोबर झाली नाही. तुझ्या रेनकोटाच्या बाहीवर पाण्याचे थेंब होते, ते त्यानं अंगठ्यानं पुसले, एक एक करून. पण त्या दिवसांत भिजून आलेलं दुसरं कोणी त्याच्याजवळ बसलंच नव्हतं, तेव्हा ताडून कशाशी बघणार?

बघ, मी कशी बोलायला लागले ते. बाबा असता तर हसला असता.

मी त्याच्याशी इतकी वर्षं राहिले, त्याच्या पाठीवरून मला कळायचं की तो रागावला आहे की भुकेला आहे. तेव्हा मला हे कळायला हवं होतं. मी त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. दुसऱ्या कोणाला विचारण्यात अर्थ नाही, मेर्वी नव्हती, ओइवा गाडी लावत होता. जे काही आहे ते माझ्याकडेच आहे, आणि ते पुरत नाही.

तुला "हो" हवं आहे. मलाही तेच हवं होतं.

माहीत नाही, पोरी.

आई